शस्त्र आणि समाज — लेखांक सातवा : परवाना आणि प्रशिक्षण

गेल्या लेखांकात घराच्या चार भिंतींआड ठेवलेल्या बंदुकीचा विचार झाला. तीच बंदूक खांद्याला लावून मनुष्य जेव्हा बाजारात, यात्रेत किंवा लग्नाच्या मांडवात येतो, तेव्हा ज्यांची संमती कोणी कधी विचारलेली नसते अशा शेकडो माणसांचे जीवित त्याच्या एका बोटाच्या स्वाधीन होते. आणि एवढ्या एका कारणासाठीदेखील परवाना व प्रशिक्षण या दोहोंची मागणी करण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार मला निर्विवाद वाटतो.

या अधिकाराविषयी आपल्या लोकमानसात जो संशय होता तो निराधार नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ साली झालेल्या शस्त्रांच्या कायद्याने एतद्देशीय रयतेला परवान्याच्या दावणीस बांधले आणि गोऱ्यांना मात्र मोकळीक दिली. साहजिकच परवाना म्हणजे परकीय हुकूमतीच्या अविश्वासाचे चिन्ह, अशी भावना राष्ट्रीय चळवळीत रुजली, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्कालाही स्थान मिळाले. त्याच परंपरेला स्मरून हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत तशी दुरुस्ती मांडली. त्यावर डॉ. आंबेडकरांनी विचारले की, बाजारात जाऊन आक्रमणाची वाटेल ती साधने निर्बंधावाचून खरेदी करण्याचा हक्क प्रत्येकास मिळाला, तर राज्यकारभार चालावा कसा? दुरुस्ती नामंजूर झाली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. कारण १८७८ च्या कायद्याचा दोष परवाना मागण्यात नव्हता, तो वर्ण पाहून मागण्यात होता.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या अधिनियमान्वये अर्जदाराची दरखास्त जिल्हादंडाधिकाऱ्याकडे किंवा पोलीस आयुक्ताकडे जाते, ठाण्यामार्फत त्याच्या वर्तनाची तहकीकात होते, आणि मग निकाल मिळतो. ही पद्धत आवश्यक आहे, परंतु ती मनुष्याचा पूर्वेतिहास पाहते, त्याचा हात पाहत नाही. ज्याच्यावर आयुष्यात एकही फिर्याद नाही असा अत्यंत सालस गृहस्थसुद्धा, काडतूस नळीत आहे की नाही हे न पाहता बंदूक साफ करावयास बसला, तर त्याच्या चारित्र्याचा दाखला समोर बसलेल्या मुलाला वाचवू शकत नाही.

ही उणीव २०१६ च्या शस्त्र नियमांनी ओळखली. शस्त्र सुरक्षितपणे हाताळणे, नेणे, ठेवणे आणि चालविणे यांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्यांनी अर्जदाराकडे मागितले, आणि सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते योग्य म्यानात, पूर्ण झाकलेले असावे असेही सांगितले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील बेदरकार गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. वरातीत आकाशाकडे सोडलेली गोळी कोणाच्या तरी अंगणात परत येतेच, एवढे साधे ज्ञान असणाऱ्याकडून हा गुन्हा सहसा घडणार नाही.

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात, शस्त्र घेऊन बाहेर पडण्यासाठी विशेष कारण दाखविण्याची न्यूयॉर्कची अट रद्दही केली. तथापि परवान्याची पद्धतच मुळातून अवैध ठरविली नाही. त्यानंतर त्याच राज्याने सोळा तासांचे वर्गशिक्षण आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा केला. तेथील अनेक राज्यांनी याउलट परवान्याची अटच काढून टाकली आहे. तो मार्ग मला सर्वस्वी त्याज्य वाटतो.

हाताचे कौशल्य सरावावाचून टिकत नाही, आणि आपला परवाना तर पाच वर्षे चालतो. म्हणून प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी केवळ कागद न पाहता परवानाधारकास नेमबाजीच्या मैदानावर उभे करून त्याची प्रत्यक्ष परीक्षा घेण्याचा दंडक गृहखात्याने घालून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.