घंटा कुठं गेली?

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची चौथीची सहल ठरलेली असे: वज्रेश्वरीला दर्शन, तिथून वसईचा किल्ला आणि दिवेलागणीला परत. 1996 साली मी ती पहिल्यांदा नेली, 2019 साली शेवटची. मधली दोनेक वर्षं सोडली, तर दर जानेवारीत मी त्या किल्ल्यात पोरांची डोकी मोजत उभा असायचो. वसईच का, तर एसटीचं भाडं परवडायचं आणि मुक्काम पडत नव्हता. इतिहास त्यानंतरचा.

चौथीचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे शिवराय. त्यामुळे गाडीतून उतरल्या उतरल्या प्रश्न यायचा, "गुरुजी, महाराज कुठून वर चढले?" महाराजांनी हा किल्ला कधी घेतलाच नाही, हे सांगताना पहिल्या वर्षी मलाच चोरट्यासारखं झालं. 1534 साली हुमायूनच्या धास्तीनं गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना तहात देऊन टाकली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधली 205 वर्षं मी पाच मिनिटांत उरकायचो आणि वेढ्यावर तासभर बोलायचो: सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग, चिखल, आणि माझं डोकं तोफेला बांधून किल्ल्यात टाका म्हणणारे अप्पा. ती दंतकथा आहे हे ठाऊक असूनही सांगायचो. पोरांचे डोळे मोठे व्हायचे, आणि खरं सांगायचं तर माझेही.

माझी ती घडी मोडली एका पोरानं. सन 2000 च्या आसपासची गोष्ट. सेंट जोसेफच्या पडक्या चर्चच्या मनोऱ्यापाशी आम्ही उभे होतो. आतून गोल गोल जिना वर जातो, इतका अरुंद की चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले तर एकाला मागं फिरावं लागतं. वर बघत तो म्हणाला, "गुरुजी, देवळाला घंटा असते. ह्यांची कुठं गेली?"

मला सांगता आलं नाही. त्या उन्हाळ्यात वाईला जाणं झालं, तेव्हा मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर गेलो. मेणेश्वराच्या देवळापाशी एक अवजड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर कडेवर मूल घेतलेली बाई आणि 1707 हा आकडा. ती बाई मेरी आणि ते मूल येशू. वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा सरदारांनी देवस्थानांना दिल्या, असं सांगतात. भीमाशंकरची त्यातलीच, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातलीही. मी तिचा फोटो काढून आणला आणि पुढं दर सहलीला खिशात ठेवू लागलो.

तेव्हापासून मी बोलायचं कमी केलं. फ्रान्सिस्कनांच्या चर्चची जमीन थडग्यांच्या फरश्यांनी भरलेली आहे. नुकतीच एबीसीडी शिकलेली एक कातकरी मुलगी त्यातल्या एका फरशीवर उकिडवी बसली, खाचांतली माती नखानं काढत एकेक अक्षर लावू लागली. पाचव्या-सहाव्या अक्षराला अडली. शब्द 'सेपुल्तुरा' होता, म्हणजे थडगं. अर्थ सांगितल्यावर ती पटकन उठली, आणि मग चर्चभर फरश्यांच्या फटींवरून पाय टाकत चालली. मेलेल्यांची अशी अदब त्या किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्यांत मला तरी दिसली नाही.

बाहेर लाल लुगड्यातल्या एक आजी सुकेळी विकायच्या. गळ्यात क्रूस. एका वर्षी कुणीतरी विचारलंच, "तुम्ही पोर्तुगीज का?" आजी खो खो हसल्या. "मी इथलीच बाळा. तुझ्या गुरुजींच्या आधीपासूनची." माझ्या तासाभराच्या भाषणात या आजींना जागाच नव्हती. किल्ला पडला, पोर्तुगीज गेले, पण ज्यांचे वाडवडील बाटले होते ते आपल्या वाड्या-बागांत राहिले, शेंदताना-खुरपताना आपली बोली बोलत.

परतीच्या गाडीत नंतर नंतर खेळ असायचा: घरातला पोर्तुगीज शोधा. पाव, बटाटा, काजू, पेरू, अननस ही खाण्याची नावं पहिल्या दमात. मग चावी, पिंप, घमेलं, दाराची बिजागरी, वेणीची फीत. "पगार पण त्यांचाच," म्हटल्यावर मागून आवाज आला, "मग गुरुजी, तुमचा तेच देतात का?" माझा त्या महिन्याचा अजून व्हायचा होता, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही. शेवटी मी दोन शब्द घालायचो: तुरुंग आणि लिलाव. गाडी जरा गप्प व्हायची. पावाचं कौतुक सगळेच करतात. हे दोन शब्द आपल्या तोंडी कोणत्या दिवसांत रुळले असतील, याचा विचार मीही उशिराच केला.

2016 मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीची मुलं बुडाली आणि नियम कडक झाले. संमतीपत्रं, हमीपत्रं, प्रथमोपचार पेटी, पाण्याजवळ जायचं नाही. बरोबरच होतं ते. पण सागरी दरवाज्यापलीकडची जेटी सुटली, आणि इथं माणसं गलबतांतून आली हे दाखवायचं कशावरून, असा पेच पडला. मी दरवाज्यात उभा राहून नुसता हात करायचो.

शेवटच्या सहलीत मी मनोऱ्याखाली तोच फोटो फिरवला. आता तो कडांना फाटला होता. एका मुलीनं तो दोन्ही हातांत धरला, घंटेवरची बाई बघितली, मग मान वर करून रिकामी कमान बघितली.

"ही ह्यांची आहे ना, गुरुजी? मग परत का नाही आणत?"

"आता ती तिथल्या देवाची झाली," शेजारचा मुलगा म्हणाला.

"कुणी ठरवलं?"

दोघं माझ्याकडे बघत राहिली. घड्याळात पावणेपाच झाले होते. मी शिट्टी वाजवली आणि डोकी मोजायला लागलो. पहिल्या खेपेला एक कमी भरलं. ती अजून मनोऱ्याखालीच होती.