अवकाशाचा हक्क आणि वाङ्मय

वाङ्मयाच्या निर्मितीस व आस्वादास अवकाश लागतो, हे आपण सहज मान्य करतो. परंतु तो कोणास मिळावा, हा प्रश्न मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरचा समजतो. सधनाच्या फुरसतीला आपण रसिकता म्हणतो आणि श्रमिकाच्या फुरसतीला रिकामटेकडेपणा. रिकाम्या न्हाव्याला भिंतीस तुंबड्या लावावयास लावणारी आपली म्हण याच दृष्टीची साक्ष देते.

प्रथम विश्रांती व अवकाश यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. विश्रांती श्रमाच्या सेवेत असते. उद्या पुन्हा राबता यावे म्हणून देह ती घेतो. अवकाश मात्र माणसाच्या स्वतःसाठी असतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्यातील २४ व्या कलमात या दोहोंचा वेगवेगळा निर्देश आहे. त्याच जाहीरनाम्याचे २७ वे कलम सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा व कलांचा आनंद घेण्याचा हक्क सांगते. पहिल्यावाचून दुसरे पोकळच ठरेल.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या संबंधाचे उत्तम उदाहरण होय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी मांडली. १८९० मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली. पुढे गिरणगावात भजनी मंडळे, तमाशाचे फड आणि कामगार रंगभूमी बहरली, त्यांमागे कारणे अनेक होती. तथापि हक्काच्या सुट्टीवाचून त्यांना श्रोता कोठून मिळता?

यावर असा आक्षेप संभवतो की, जात्यावरच्या ओव्या तर अवकाशावाचूनच जन्मल्या. हे खरे आहे. पण ओवीचा घाट जात्याच्या फेऱ्याशी बांधलेला होता, हेही तितकेच खरे. जे श्रमात मावले तेवढेच आपणांपर्यंत आले; जे मावले नाही, त्याची नोंद कोठेच नाही. ओवीचे कौतुक करताना या मौनाचा हिशेब आपण मांडत नाही. आणि सुट्टीचा हक्कही सर्वांस सारखा लाभला नाही: रविवारी गिरणी थांबली, चूल थांबली नाही.

आपल्या संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात शेती, उद्योग वा अन्य क्षेत्रांतील कामगारांना अवकाशाचा पूर्ण उपभोग व सांस्कृतिक संधी मिळाव्यात, असे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले आहे. पण तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो. ३७ व्या अनुच्छेदानुसार न्यायालयाकरवी त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही. एवंच, जाहीरनाम्याने जो हक्क मानला, तो आपल्याकडे अद्याप राज्याच्या सदिच्छेवर अवलंबून आहे.

म्हणून एखाद्या समाजाचे वाङ्मय का खुंटले, असे विचारताना समीक्षकाने प्रतिभेच्या अभावाकडे बोट दाखविण्यापूर्वी तेथील माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, दिवसाचे तास मोजावेत. प्रतिभा कोठे उपजेल हे कोणासच ठरविता येत नाही. तिला सवड मिळावी की नाही, हे मात्र समाजच ठरवीत असतो.