लहान ट्रॅक्टरासाठी मशागतीच्या अवजारांची निवड

रत्नागिरी जिल्ह्यातील भातखाचरे लहान व पायऱ्यापायऱ्यांची असून बरीचशी जमीन जांभ्या खडकापासून बनलेली आहे. म्हणून अवजार घेण्यापूर्वी ट्रॅक्टराच्या अश्वशक्तीबरोबरच खाचराची रुंदी, जाण्यायेण्याची वाट व मातीची खोली पाहावी.

भाताच्या चिखलणीस रोटाव्हेटर सोयीचा. १८ ते २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास सुमारे १ मीटर रुंदीचा पुरतो. मात्र त्याने मागच्या चाकांची पूर्ण रुंदी झाकली पाहिजे. अन्यथा चाकाखाली दबलेली पट्टी तशीच राहते. चिखलात चाके घसरू नयेत म्हणून लोखंडी पिंजरी चाके लावावीत.

वरकस जमिनीत दगडाने रोटाव्हेटरची पाती मोडतात. तेथे स्प्रिंगचा कल्टिव्हेटर वापरावा. दगड लागताच त्याचा फण मागे सरतो.

वारंवार चिखलणी केल्याने मातीखाली घट्ट थर बनतो. भातास तो पाणी धरून ठेवतो. परंतु मागाहून पेरलेल्या वाल-कुळथाची मुळे त्यातून खाली उतरत नाहीत. ही पिके घ्यावयाची असल्यास भातकापणीनंतर, ओल असतानाच, फण थोडा खोल घालावा.

अवजार आधी आपल्याच खाचरात चालवून पाहावे. मगच पैसे द्यावेत.