हरवले ते कोणाचे?

मंडळी, चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर केवढी गर्दी लोटते, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. सासनकाठ्या नाचत असतात, गुलालाने माणूस माणसाला ओळखत नाही. समजा, अशा गर्दीत एखाद्या माउलीच्या गळ्यातला कोल्हापुरी साज तुटून पडला. मागून येणाऱ्याला तो सापडला. शेजारचा म्हणतो, "ठेव की खिशात, देवानंच दिलाय!" आता हा साज कोणाचा?

कायद्याचे उत्तर सरळ आहे: ज्या माउलीचा, तिचाच. वस्तू हातातून गेली म्हणून मालकी जात नाही. ज्याला ती सापडली तो फक्त राखणदार. १८७२ चा करार कायदा सांगतो, की सापडलेली वस्तू उचलून जवळ ठेवणाऱ्याने ती दुसऱ्याची ठेव सांभाळावी तशी सांभाळली पाहिजे.

मग रस्त्यात पडलेले काही उचलायचेच नाही काय? तसे नाही. मालक ठाऊक नाही आणि सांभाळून परत द्यावी म्हणून वस्तू उचलली, तर गुन्हा नाही. पण मालक कळला असताना, किंवा थोडी चौकशी केली तर कळेल असे असताना ती गिळंकृत केली, तर तो अपहार होतो. पाकीट उचलताना मालक माहीत नव्हता, मागाहून कळला आणि तरीही पैसे ठेवून घेतले, तरी गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे.

प्रामाणिक माणसाचीही कायद्याने कदर केली आहे. चुकलेली म्हैस कुणी दावणीला बांधली, वैरण घातली, मालकाचा शोध घेतला. त्या खर्चासाठी त्याला मालकावर दावा लावता येत नाही, पण खर्च मिळेपर्यंत म्हैस अडवून ठेवता येते. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल, तर त्यासाठी मात्र दावाही करता येतो.

चोरीच्या मालाचे काय? तुमचा बैल चोरीला गेला आणि दोन महिन्यांनी वडगावच्या बाजारात दिसला. घेणारा म्हणतो, "मी रोख पैसे मोजलेत, पावती आहे." बिचारा खरे बोलत असेल. पण चोराकडे मालकी नव्हतीच, तर तो देणार कुठली? बैल तुमचाच. घेणाऱ्याने आपले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करावेत. म्हणून जनावर किंवा दागिना घेताना विकणारा कोण, हे आधी पाहावे.

मात्र बैल दिसला म्हणून चार गडी घेऊन गोठ्यात शिरू नका. चोर डोळ्यांदेखत माल घेऊन पळत असेल, तर त्याला अडवून वाजवी बळाने माल सोडवता येतो. मागाहून मात्र पोलीस आणि कोर्ट हाच रस्ता. दिवाणी दाव्याची मुदत, वस्तू कोणाकडे आहे हे प्रथम कळल्यापासून तीन वर्षे.

माल पोलिसांना सापडला, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून तो मागावा. मालक ठाऊक नसेल तर जाहीरनामा निघतो. त्यापासून सहा महिन्यांत हक्क सांगितला पाहिजे. पूर्वी असा माल वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राही. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील एका बाईंचे चोरीचे दागिने सापडले खरे, पण ते पोलिसांच्या ताब्यातूनच नाहीसे झाले! सुप्रीम कोर्टाने १९७७ साली त्यांची किंमत सरकारला भरून द्यायला लावली. पुढे २००२ साली त्याच कोर्टाने बजावले, की पंचनामा करावा, फोटो घ्यावेत, जामीन घ्यावा आणि माल लवकर मालकाच्या हाती द्यावा.

तेव्हा वस्तू हरवताच पोलीस ठाण्यात वर्दी द्या. दागिन्याची पावती, फोटो, जनावराच्या शिंगाची, रंगाची, डागाची खूण लिहून ठेवा. हक्क आपला असला, तरी तो पटवून द्यावा लागतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात एक पेटी ठेवावी आणि सापडलेली पेन्सिल मुलांनी तीत टाकावी. मागायला येणाऱ्याने आधी खूण सांगावी, मग वस्तू न्यावी. एवढ्यात या सगळ्या कायद्याचे सार आले.