उद्यानांतील पाहुण्यांचीं छायाचित्रें

पक्षी व कीटक यांचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्यास पूर्वीं बंदूक किंवा टांचणी हातीं घ्यावी लागे. आतां तें काम बऱ्याच अंशीं कॅमेऱ्यानें होतें, व प्राणीही जिवंत राहतो. त्यासाठीं दूर अरण्यांतच जावें लागतें असें नाहीं. मुंबईस धारावीलगत, मिठी नदीच्या कांठीं, जेथें पूर्वीं शहराचा केरकचरा पडे तेथेंच झाडें लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभें केलें, व १९९४ सालीं तें लोकांस खुलें झालें. अशा बागांतून हिवाळ्यांत दूरदेशींचे पाहुणे उतरतात.

लाल छातीचा माशीमार हा त्यांपैकीं एक. चिमणीहून लहान, नराचा कंठ नारिंगी. त्याची वीण पूर्व युरोपांत व त्यापलीकडील आशियाच्या रानांत होते. त्याचें चित्र घेण्यासाठीं पाठलाग करूं नये. तो फांदीवरून झेप घेऊन किडा टिपतो व पुष्कळदां जवळच परत येऊन बसतो. ती जागा हेरावी, सूर्य पाठीशीं ठेवावा व स्वस्थ उभें राहावें. शेपटी उडविण्याची त्याला खोड आहे. म्हणून शटर १/५०० सेकंदाहून अधिक वेळ उघडें राहूं देऊं नये. डोळा स्पष्ट आला नाहीं, तर चित्र निर्जीव वाटतें.

कीटकांचें तंत्र निराळें. फुलपांखरांस उडण्यापूर्वीं ऊब लागते. म्हणून सकाळच्या कोंवळ्या उन्हांत पुष्कळ फुलपांखरें पंख पसरून बसतात. दुपारीं त्यांच्यामागें धांवणें व्यर्थ. कित्येक चतुर उडून पुन्हां त्याच काडीवर येतात. ग्लोब स्किमर नांवाचा पिवळसर चतुर मात्र पावसाळ्याअखेर थव्यांनीं सारखा घिरट्या घालीत असतो. चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञानें २००९ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हे चतुर भारतांतून मालदीव बेटांवरून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेस पोंचतात. बोटाहून लहान जीवाचा हा प्रवास!

चित्राच्या सौंदर्यापेक्षां त्यासोबत तारीख व स्थळ यांची नोंद असणें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. कोणता पाहुणा कोणत्या वर्षीं केव्हां आला, हें त्यावरूनच ताडतां येतें. परंतु हल्लीं कांहीं हौशी लोक मुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास पुढें बोलावितात, किंवा फुलपांखरूं शीतकपाटांत ठेवून निश्चल करितात. हजारों मैल उडून आलेल्या पक्ष्यास परतीच्या प्रवासासाठीं अंगीं चरबी सांठवावयाची असते. खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या शोधांत त्याचा तो वेळ आपण हिरावून घेतों. असें मिळविलेलें चित्र, कितीही सुबक असो, आम्ही पत्करणार नाहीं.

ज्यांच्यापाशीं लांब पल्ल्याच्या भिंगाचा कॅमेरा नाहीं, त्यांनीं कीटकांपासून आरंभ करावा. सकाळीं घाणेरीच्या झुडपापाशीं आपली सांवली न पाडतां उभें राहिल्यास वडिलांच्या मोबाईलनेंही काम भागतें.