कोंबड्याच्या अंगावर कोंबडीची पिसे

शोभेच्या कोंबड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक सेब्राइट जातीचा कोंबडा पिंजऱ्यातून काढतो, तेव्हा तो एका तळहातावर सहज मावतो. वजन जेमतेम 600 ग्रॅम. छाती पुढे काढलेली, पंख जमिनीकडे झुकलेले, डोक्यावर दाणेदार गुलाबी तुरा. परीक्षकाची नजर मात्र पिसांवर खिळलेली असते. सोनेरी किंवा रुपेरी रंगाच्या प्रत्येक पिसाला काळा काठ हवा, झबल्याला गोट लावावा तसा, सगळीकडून सारख्या रुंदीचा. काठ एका बाजूला जाड झाला, मधल्या रंगात काळे शिंतोडे दिसले किंवा काळ्या रेघेबाहेर फिकट कड उमटली, की गुण कापले जातात. पंख उलगडून, छातीवरची पिसे बोटाने मागे सारून हे सारे तपासले जाते. (सोनेरी की रुपेरी हे ठरवणारे जनुक झेड गुणसूत्रावर असते, त्यामुळे कोंबडी ते फक्त मुलग्यांना देऊ शकते, मुलींना नाही.)

यानंतर परीक्षक शेपूट पाहतो. एरवी कोंबडा म्हटला की शेपटीतली कोयत्यासारखी वळलेली लांब पिसे आणि मानेवर झळकणारी टोकदार पिसे डोळ्यांसमोर येतात. सेब्राइटच्या नरात यातले काहीच असता कामा नये. त्याची पिसे कोंबडीसारखी गोलाकार हवीत, शेपटीचीही. कोयत्याच्या आकाराचे पीस डोकावले तर तो दोष. आरवतो कोंबड्यासारखा, तुराही नराचा, अंगावरचा पोशाख मात्र मादीचा!

ही जात घडवली सर जॉन सेब्राइट या इंग्रज जमीनदाराने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पैदाशीचे शास्त्र तेव्हा जन्मालाही आलेले नव्हते, पण सेब्राइट यांचा हात आणि डोळा दोन्ही तयार होते. त्यांच्या कौशल्याचा उल्लेख डार्विनने आपल्या 1859 च्या ग्रंथात केला आहे. पाळीव प्राण्यांच्या पैदाशीवर सेब्राइट यांनी 1809 मध्ये एक पुस्तिका लिहिली. जवळच्या नात्यातच सतत जोड्या लावत गेले, तर वंश कमजोर होतो, असे त्यांनी स्वतःच्या प्रयोगांवरून त्यात बजावले होते. त्यांचेच नाव मिळालेल्या कोंबड्यांच्या वाट्याला पुढे नेमके तेच आले.

नराला मादीची पिसे का येतात, हे कोडे सुटायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. नराचे संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, कमी पडत असेल, असा अंदाज कोणीही बांधेल. फळमाशीवरील संशोधनासाठी पुढे नोबेल मिळवणारे टी. एच. मॉर्गन यांनी सेब्राइट कोंबड्यांची वृषणे काढून टाकली आणि 1919 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोंबड्यांचे तुरे आक्रसले, पण नवी पिसे आली ती ऐटदार कोंबड्याची! पुरुषत्व गेल्यावर पक्ष्याला पुरुषी पोशाख मिळाला होता.

यामागचे कारण असे, की कोंबड्यांच्या जातीत नराची पिसे हाच मूळ पोशाख असतो. तो बदलून गोल पिसे आणण्याचे काम इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक करते. साध्या कोंबडीचे अंडाशय काढले, तर तिलाही कोंबड्याची पिसे येतात. सेब्राइटच्या नरात इस्ट्रोजेन तयार होते ते त्याच्या कातडीत. 1980 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले, की या जातीच्या कातडीत टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर फार मोठ्या प्रमाणात होते. हे रूपांतर घडवणाऱ्या विकराचे नाव ॲरोमॅटेज. वृषणे गेली की कच्चा मालच संपतो, म्हणून मॉर्गन यांच्या कोंबड्यांना मूळ पिसे परत आली.

हेच विकर माणसातही असते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांच्या शरीरातील बरेचसे इस्ट्रोजेन चरबीतल्या ॲरोमॅटेजमुळे तयार होते. स्तनांच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत दिले जाणारे लेट्रोझोल याच विकराला अडवते. क्वचित काही मुलांमध्ये ॲरोमॅटेज जन्मतःच जास्त असते आणि त्यांची छाती वाढते. कारण वेगळे असले, तरी हा विकार समजून घेताना संशोधकांना या बुटक्या कोंबड्याची आठवण होतेच.

एरवी कातडीत जवळजवळ निजलेले हे जनुक सेब्राइटमध्ये जागे कोणी केले? एका विषाणूने. कोणे एके काळी एक रेट्रोव्हायरस कोंबडीच्या जनुकसंचात शिरला आणि ॲरोमॅटेजच्या जनुकाशेजारी ठाण मांडून बसला. रेट्रोव्हायरस स्वतःची जनुके चालू ठेवण्यासाठी जे बटण सोबत आणतो, तेच इथे शेजारच्या जनुकालाही लागू झाले. याची पहिली खूण 1991 मध्ये मिळाली. 2019 मध्ये विषाणूचा हा तुकडा सविस्तर वाचला गेला. गोल्डन कॅम्पाइन या दुसऱ्या जातीतही तोच तुकडा सापडला. परीक्षक ज्या गोल शेपटीला गुण देतो, ती अशी एका जुन्या संसर्गाची देणगी आहे.

या देणगीची किंमतही आहे. एडवर्ड हेविट हे त्या काळातले नावाजलेले परीक्षक. त्यांचे निरीक्षण डार्विनने 1868 च्या ग्रंथात नोंदवले आहे. डार्विनने स्वतः पाहिलेल्या रुपेरी सेब्राइटचा वंश इतका क्षीण झाला होता, की एका वर्षी अंड्यांनी भरलेल्या दोन घरट्यांमधून एकही पिल्लू निघाले नाही. याउलट नराच्या शेपटीतली दोन मुख्य पिसे अर्धा इंच जरी लांब असली, तरी अंडी फळण्याची शक्यता वाढते, असे हेविट यांना दिसले होते. जवळच्या नात्यातल्या जोड्यांनी झालेले नुकसान किती आणि पिसांशी बांधलेले किती, हे त्या काळी वेगळे करता येणे शक्य नव्हते. पण पाळणाऱ्यांना उत्तरापेक्षा पिल्ले हवी होती. म्हणून आजही काही जण दोन वेगळे नर ठेवतात. गोल शेपटीचा प्रदर्शनात जातो आणि ज्याच्या शेपटीत अर्ध्या इंचाचा दोष आहे, तो घरी कोंबड्यांमध्ये राहतो.