खोकला लांबला, तर आधी थुंकी तपासा

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, की घरोघरी विचारतात, "रक्त तपासून टीबी कळेल का?" आम्ही सांगतो, आधी बेडका तपासा.

रक्तातील अँटिबॉडी पाहून टीबी ठरवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सांगितले. २०१२ मध्ये भारत सरकारने या तपासणीवर बंदी घातली. कारण ती दोन्हीकडून फसवते. टीबी नसताना 'आहे' म्हटले, तर महिनोन्‌महिने विनाकारण गोळ्या, आणि त्या यकृताला त्रास देऊ शकतात. टीबी असताना 'नाही' म्हटले, तर उपचार लांबतात आणि एका खोलीत झोपणाऱ्या लेकराबाळांना लागण होते.

बेडका देण्यात शरीराला धोका नाही. खोल खोकून काढलेला बेडका हवा, नुसती लाळ नको. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. छातीच्या एक्स-रेत किरणे अगदी थोडी असतात. तरी गरोदर बाईने आधी सांगावे. सीटी स्कॅनमध्ये किरणे कित्येक पट आणि खर्चही मोठा, म्हणून तो का हवा हे समजून घ्यावे.

एकही तपासणी शंभर टक्के अचूक नसते. रिपोर्ट चांगला आला, पण ताप, खोकला आणि वजन घटणे थांबले नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

कोणत्याही तपासणीआधी दोन प्रश्न विचारा : हिच्या रिपोर्टने माझ्या उपचारात काय बदलेल? रिपोर्ट चुकला तर काय? विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. तो आपला हक्क आहे.